न्यूट्रलमधल्या गाड्या

सोसायटीच्या विशेष सभेला दोन आठवडे उरले असताना सेक्रेटरीने मला जिन्यात गाठलं.

"पेपरवाले, एक काम आहे. गेटसमोरच्या रहदारीवर एक अहवाल लिहून द्या. कुणाची बाजू न घेता."

"माझ्याकडूनच का?"

"बाकी सगळे आधीच बाजू घेऊन बसलेत."

मी वृत्तपत्राच्या डेस्कवर अनेक वर्षं काढली होती. दुसऱ्याच्या बातमीतली विशेषणं काढायची आणि वाक्यं सरळ करायची, हेच काम. रस्त्यावर उभं राहून बातमी आणण्याचा अनुभव बेताचाच. तरी हो म्हटलं.

आमची इमारत मुलुंड पश्चिमेला, स्टेशनकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला समांतर असलेल्या एका अरुंद रस्त्यावर आहे. गेटच्या उजव्या हाताला तळमजल्यावर एक गाळा आहे. तिथे एका डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर गेल्यावर शटर खाली आलं ते खालीच राहिलं. आता त्यांच्या सुनेला तिथे कॉफीचं दुकान काढायचं होतं. तिची खाजगी कंपनीतली नोकरी गेली होती. दुसरी मिळाली नाही असं नाही, पण मिळाली ती ठाण्यापलीकडे, आणि तिने ती घेतली नाही. कॉफीचं यंत्र तिने आधीच आणून गाळ्यात ठेवलं होतं. राहिली होती ती सोसायटीची ना-हरकत.

हरकत तशी कुणाची नव्हती. प्रश्न होता तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा.

काकांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळी जाताना ते स्वतःच्या पायांनी जिना उतरत, गेटपर्यंत चालत आणि रिक्षात बसत. दुपारी परत येताना मात्र वेगळाच माणूस यायचा. रक्तदाब उतरलेला, चेहरा राखेसारखा, पाय लटपटते. त्यामुळे येताना कॅबच लागायची, आणि ती कॅब गेटमधून आत येऊन थेट लिफ्टच्या दाराशी थांबायला हवी होती. मध्ये चार पावलं चालायची वेळ आली की ते कोसळत. दोनदा कोसळले होते.

कॉफीसाठी थांबलेली एखादी गाडी गेटच्या तोंडाशी उभी राहिली तर काका घरात कसे पोचणार, एवढाच प्रश्न सभेपुढे होता.

काकूंनी तो प्रश्न कधी आवाज चढवून विचारला नाही. मी अहवालाचं काम घेतल्याचं कळल्यावर त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, माझा तिच्या दुकानाला विरोध नाही. तिच्या सासऱ्यांनी ह्यांना रात्रीबेरात्री तपासलंय, फी न घेता. मला दुकान बंद पाडायचं नाहीये. मला फक्त गेट पाहिजे."

मी ते वाक्य तसंच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून वॉचमनच्या केबिनशेजारी खुर्ची टाकून बसू लागलो.

सकाळी शाळेच्या व्हॅन येतात. त्या थांबत नाहीत, फक्त संथ होतात. दार सरकतं, एक मूल आत जातं, दार लागायच्या आत व्हॅन पुढे. त्यानंतर दूधवाल्याचा टेम्पो, कचऱ्याची गाडी, आणि पलीकडच्या पुनर्विकासाच्या कामावर जाणारे काँक्रीटचे मिक्सर. मिक्सर आला की समोरून येणाऱ्या रिक्षा एकेक करून फुटपाथला चिकटतात. कुणी कुणाला सांगत नाही, तरी क्रम चुकत नाही. दुपारी रस्ता मोकळा. चारनंतर पुन्हा भरायला लागतो, आणि अंधार पडेपर्यंत भरलेलाच राहतो, कारण मोठ्या रस्त्यावरच्या सिग्नलला कंटाळलेले लोक आमच्या रस्त्याने आत शिरतात.

दोन दिवसांत एक गोष्ट स्पष्ट झाली. अडचण धावत्या गाड्यांची नव्हती, थांबणाऱ्यांची होती. एक गाडी थांबली की मागच्या गाडीला समोरून येणाऱ्याची वाट बघावी लागते, तिच्या मागच्याला तिची, आणि हॉर्न सुरू होतो. जो थांबतो तो ब्लिंकर लावतो. एकदा दोन्ही ब्लिंकर लागले की माणूस आपल्याला माफ आहे असं धरून चालतो. केकच्या दुकानात जाणारा, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट घ्यायला उतरलेला, भाजीवाल्याकडे काच खाली करून कोथिंबीर मागणारी बाई, सगळ्यांचे ब्लिंकर चालू.

डॉक्टरांची सून रोज एकदा येऊन माझ्या खुर्चीशेजारी उभी राहायची.

"काय दादा, काय दिसतंय?"

"गाड्या."

"ते मलाही दिसतंय. थांबतात किती?"

"थांबतात. पण फार वेळ नाही."

"बघा ना. म्हणजे माझ्या दुकानाने असं काय नवीन होणारे? कॉफी घ्यायला लागतो किती वेळ?"

ती तुर्भ्याच्या खाडीकाठच्या कोळी घरातली. तिची आई बाजारात मासळी घेऊन बसायची, आणि गिऱ्हाइकाबद्दलचं तिचं सगळं गणित तिथून आलेलं होतं. मी एकदा विचारलं होतं की दुकान मोठ्या रस्त्यावर का नाही, तिथे फुटपाथ तरी रुंद आहे. ती हसली होती.

"दादा, आई म्हणायची, गिऱ्हाईक वळतं, पण चालत नाही. टोपली दोन हात मागे सरकवली की समोरच्या बाईकडे जातं. आणि हा गाळा घरचा आहे. दुसरा कुठून आणू?"

या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

आता त्या सवयीबद्दल सांगायला हवं जिच्यावर आमच्या इमारतीचं सगळं वाहतुकीचं गणित उभं होतं.

इमारत बांधली तेव्हा गाड्या मोजक्या होत्या. आता गाड्या जास्त आणि जागा तेवढीच. त्यामुळे एकीच्या पुढे एक अशा त्या उभ्या राहतात. पुढची गाडी लावणारा माणूस ती न्यूट्रलमध्ये ठेवतो, हँडब्रेक सोडतो आणि घरी जातो. मागच्याला निघायचं असलं की तो पुढची गाडी तळव्याने ढकलून हातभर पुढे नेतो, आपली काढतो. बेल वाजवायची नाही, फोन करायचा नाही. बाहेर रस्त्यावरही तेच. केकच्या दुकानाचा टेम्पो, भाजीवाल्याची व्हॅन, लॉन्ड्रीवाल्याची जुनी गाडी, सगळ्या न्यूट्रलमध्ये. रस्ता सपाट असल्याने गाडी आपणहून कुठे जात नाही. कुणी नवीन माणूस हँडब्रेक लावून गेला तर त्याला पहिल्याच आठवड्यात समज मिळते. काकांनीही ती अनेकांना दिलेली होती. आजारी पडायच्या आधी ढकलणाऱ्यांमध्ये त्यांचा हात पहिला असायचा, आणि काचेवर हात ठेवून ढकलणाऱ्याला ते ओरडायचे, "अरे, काचेवर नको, पत्र्यावर! सासऱ्याची गाडी आहे का?"

सेक्रेटरी तर या सवयीवर फारच खूश होता. तो औद्योगिक वसाहतीत खोके बनवण्याचा छोटा कारखाना चालवतो आणि प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं.

"उगाच बाऊ करताय तुम्ही लोक," तो मला म्हणाला. "गाडी आडवी आली तर काय करतो आपण? ढकलतो. कॉफीवाल्याची आली तर काय करणार? ढकलणार."

माझ्या निरीक्षणातही तेच आलं होतं. त्या आठवड्यात गेटसमोर काही वेळा गाडी आली, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ती ढकलली. मी कच्च्या अहवालात वाक्य लिहिलं: आडव्या आलेल्या गाड्या रहिवासी व दुकानदार ढकलून बाजूला करतात, गेट मोकळं होण्यास विलंब होत नाही. वाक्य खरं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

तरी काकूंचं समाधान झालं नाही. "हे आत्ताचं झालं," त्या म्हणाल्या. "दुकान उघडल्यावरचं कुठे दिसतंय यात?"

त्यावर सुनेनेच तोडगा काढला. सभेच्या आधी एक दिवस गाळा उघडायचा, यंत्र चालू करायचं, आल्यागेल्याला फुकट कॉफी द्यायची आणि काय होतं ते सगळ्यांनी बघायचं. सेक्रेटरी म्हणाला, रविवार ठेवू. ती म्हणाली, नाही.

"शनिवारीच ठेवू. सुट्टीची गर्दी आणि काकांचं डायलिसिस, दोन्ही एकाच दिवशी. शनिवारी निभलं तर बाकीचे दिवस निभेल. आणि शनिवारी नाही निभलं तर मला आत्ताच कळू दे."

सोपा दिवस तिला निवडता आला असता. तिने निवडला नाही, हे इथे नोंदवणं आवश्यक आहे.

शनिवारी सकाळी शटर वर गेलं. दवाखान्याच्या वेळचं औषधांचं कपाट भिंतीला तसंच होतं, त्यात कागदी पेले रचले होते. यंत्र मागच्या बाजूला, एका लांब टेबलावर. त्याच्या पाठीशी कंपाउंडमध्ये उघडणारं एक दार होतं, डॉक्टरांचं खाजगी. ते टेबल आणि दुधाच्या क्रेटनी झाकलं गेलं होतं. बाहेर फुटपाथवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पाटी. सेक्रेटरीने कारखान्यातून दोन नारिंगी शंकू आणून गेटच्या दोन्ही कोपऱ्यांना ठेवले.

काका डायलिसिसला निघताना गाळ्यासमोर थांबले. सुनेने पेला पुढे केला.

"काका, बोहनी तुमच्या हातून."

"पाणी मोजून मिळतं गं मला. त्यात तुझी कॉफी घेतली तर दुपारी तहानेने ही मला ओरडेल."

"एक घोट."

"वास घेतला. चांगली आहे." मग काकूंकडे वळून म्हणाले, "चल, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला माझ्या खुर्चीत बसवतील."

दोघं रिक्षाने गेले.

सकाळभर सगळं सुरळीत चाललं. लोक यायचे ते बहुतेक पायी. मॉर्निंग वॉकवाले, शेजारच्या इमारतीतले, समोरच्या क्लासची मुलं. गाड्या थांबल्या, पण गेटच्या पुढे थांबल्या. एकदा एक टॅक्सी गेटसमोर आली, चालक आत बसलेला होता, हात दाखवल्यावर पुढे गेला. एकदा लॉन्ड्रीवाल्याची गाडी आडवी राहिली. सेक्रेटरीने एका हाताने कॉफी धरून दुसऱ्या हाताने ती ढकलली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"लिहा, पेपरवाले. एका हाताने."

दुपार झाली तशी गर्दी वाढली. फुकट कॉफीची बातमी पसरली असावी. पेले संपत आले. सून एकटीच यंत्रावर होती, तिचा नवरा पैसे देऊ पाहणाऱ्यांना समजावत होता की आज नाही, आज फुकट.

या गर्दीत एक करड्या रंगाची नवी मोटार आली. चालवणाऱ्या तरुणाने काच खाली केली, शंकू पाहिला, उतरला, शंकू उचलून फुटपाथवर ठेवला आणि मोटार गेटच्या तोंडाशी तिरकी लावली. मी खुर्चीतून उठून म्हटलं, "इथे गेट आहे."

"हो अंकल, दोन मिनिटं. ब्लिंकर आहेत ना." त्याने कॉफी घेतली आणि पेला हातात धरून चौकाकडे चालत गेला. तो कॉफी पिऊन परत येईल असं मला वाटलं. तो चौकातल्या एटीएमकडे निघाला होता. हे नंतर कळलं.

काकूंचा फोन सुनेच्या नवऱ्याला आला: कॅब निघाली आहे, आज यांचं प्रेशर फार उतरलंय, गेट बघून ठेव.

सेक्रेटरी म्हणाला, "बघितलंय. या रे दोघं-तिघं."

चौघं मोटारीच्या मागे गेले. तळवे पत्र्यावर टेकवले. एक, दोन, आणि जोर. मोटार इंचभर झुलली आणि जागच्या जागी परत आली.

"हँडब्रेक लावलाय साल्याने."

"पुन्हा."

पुन्हा झुलली, पुन्हा परत. समोरच्या क्लासमधला एक मुलगा काचेला डोळा लावून आत बघत होता. तो म्हणाला, "हँडब्रेक नाहीये. ऑटोमॅटिक आहे. गिअर पी-वर आहे."

"मग?"

"मग चाकं लॉक असतात. किती पण ढकला, नाही हलणार."

चौघंही तळवे पत्र्यावर ठेवून तसेच उभे राहिले. आमच्या रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या गाड्या जुन्या, हाताने गिअर टाकायच्या. ज्या लोकांनी क्लचवर पाय ठेवून ठेवून कंटाळून ऑटोमॅटिक घेतल्या, ते लोक आमच्या रस्त्यावर थांबत नव्हते. त्यांना थांबायला कारणच नव्हतं. आज कारण होतं.

कॅब आली.

ती गेटपाशी येऊन तिरकी वळली आणि करड्या मोटारीच्या दारापाशी अडकली. मागे रिक्षा, रिक्षाच्या मागे बस. समोरून मिक्सर येत होता आणि त्याला जायला जागा नव्हती. हॉर्न सुरू झाले. कॅबच्या मागच्या सीटवर काका मान मागे टाकून बसले होते. तोंड उघडं, शर्टाची कॉलर घामाने काळी. काकूंनी त्यांच्या दंडावरची पट्टी दाबून धरली होती.

चालकाने मान बाहेर काढली. "मॅडम, जल्दी उतारो ना. पीछे बस है, गाली पड़ रही है."

"आत घ्या. गेटमधून आत."

"कैसे लूँ? उड़ के?"

काकांनी डोळे उघडले. "उतरतो मी. चार पावलं तर आहेत."

"उतरू नका," काकू म्हणाल्या. "अजिबात उतरू नका. मागच्या वेळी पण चारच पावलं होती."

सेक्रेटरी मोटारीच्या टपावर मुठीने मारत होता. बसचा कंडक्टर खाली उतरून आला आणि कुणाची गाडी, कुणाची गाडी म्हणून ओरडायला लागला. सून यंत्र सोडून बाहेर आली, तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मोटारीचा नंबर मोठ्याने म्हणत ती चौकाच्या दिशेने धावली, केकच्या दुकानापर्यंत गेली, तिथून परत फिरली. मालक दिसला नव्हता. मोटार आणि गेटचा खांब यांच्यामधल्या फटीतून एकटा माणूस जेमतेम जाईल, काकांना धरून नेणं शक्य नव्हतं. तिची नजर कॅबवरून गाळ्याकडे गेली.

"मागचं दार," ती म्हणाली.

नवरा म्हणाला, "टेबल आहे तिथे."

"काढ."

दुधाचे क्रेट तिने स्वतः ओढले. टेबल दोघांनी उचललं, यंत्र त्याच्यावरच. वायर ताणली गेली, प्लगसकट बाहेर आली. उकळत्या दुधाचं भांडं तिरकं झालं आणि फरशीवर सांडलं. तिने पायाने एक पोतं त्यावर सरकवलं आणि दाराची कडी वर केली. ती गंजली होती. सेक्रेटरीने खालून मूठ मारली तेव्हा सुटली.

फुटपाथवरची प्लास्टिकची खुर्ची कॅबच्या दाराला लावली. काकांना दोघांनी काखेत धरून खुर्चीत सरकवलं, चौघांनी खुर्चीचे चार पाय धरले. गाळ्यातून, कपाटाच्या बाजूने, पोत्यावरून, मागच्या दारातून कंपाउंडमध्ये आणि लिफ्टपर्यंत. दारात खुर्चीचा एक हात चौकटीला अडला. ती तिरकी करावी लागली तेव्हा काकांची मान एका बाजूला लवंडली. काकू मागून "अहो, अहो" म्हणत होत्या. लिफ्टमध्ये काकांनी डोळे उघडले आणि कुणाला उद्देशून ते कळलं नाही, पण म्हणाले, "काचेवर नको."

वर पोचल्यावर त्यांना पाय उंच करून झोपवलं. रक्तदाब हळूहळू वर आला. डायलिसिसच्या डॉक्टरांना फोन झाला, ते म्हणाले लक्ष ठेवा. काकूंनी लक्ष ठेवलं.

खाली तो तरुण परत आला होता. हातात रिकामा पेला. काय झालं ते त्याला एकदम पाच जण सांगत होते. त्याचा चेहरा उतरला. "सॉरी, मला खरंच माहीत नव्हतं," असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला आणि मोटार घेऊन गेला. सेक्रेटरी त्याच्या अंगावर धावून जाणार होता. सुनेने त्याचा हात धरला.

"त्याला कशाला? फुकट कॉफी मीच देत होते."

त्या संध्याकाळी मी अहवाल नव्याने लिहिला. ढकलण्याचं वाक्य काढलं नाही, त्याच्या खाली दुसरं लिहिलं: ही सोय फक्त आमच्या रस्त्याची सवय असलेल्या गाड्यांपुरती आहे, बाहेरून येणाऱ्या ग्राहकांच्या गाड्या हलवता येतीलच असं नाही, आणि शनिवारी आलेली एक गाडी हलली नाही. मजकूर सुनेला आणि काकूंना आधी वाचायला दिला, कारण दोघींचा संबंध होता. काकूंनी वाचून परत केला. सुनेने एक दुरुस्ती सांगितली.

"'एक गाडी' नका लिहू. 'दुकानाच्या गिऱ्हाइकाची गाडी' लिहा. नाहीतर सभेत कुणीतरी म्हणेल, गाड्या काय, कुठूनही येतात."

मी दुरुस्ती केली.

सभा गच्चीवर भरली. उपस्थिती नेहमीपेक्षा जास्त होती. काका खाली झोपले होते, काकू एकट्या आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. सेक्रेटरीने अहवाल वाचून दाखवला आणि लगेच उपाय मांडला.

"सोपं आहे. मागचं दार आहेच. ते कायम मोकळं ठेवायचं. काही झालं तर काकांना दुकानातून न्यायचं. शनिवारी नेलंच की."

सून उभी राहिली. "मी मोजून पाहिलं. दार मोकळं ठेवलं तर यंत्र बसत नाही. यंत्र पुढे घेतलं तर गिऱ्हाईक उभं राहायला जागा नाही. गाळा दवाखान्याचा आहे, एक माणूस आणि एक टेबल, एवढाच."

"मग मोटारी थांबू द्यायच्या नाहीत. माणूस ठेव."

"माणूस शंकू उचलणाऱ्याला किती अडवणार? दादा तिथेच बसले होते. त्यांनी सांगितलं ना त्याला, गेट आहे म्हणून?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

सुनेने सेक्रेटरीच्या हातातल्या अहवालाकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक करता येईल. मंगळवार, गुरुवार, शनिवार, काका परत येईपर्यंत शटर खाली. ते घरात पोचले की मगच उघडायचं."

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "शनिवारी अर्धा दिवस बंद? वाट लागेल धंद्याची."

"लागली तर माझी लागेल. तुझी नाही ना?"

थोडा हशा पिकला. सेक्रेटरीने पेन उघडलं. ठराव होणार असं वाटलं. अध्यक्षांनी विचारलं, कुणाचं काही म्हणणं? मागून काकू उठल्या. त्यांना उठताना खुर्चीची पाठ धरावी लागली.

"शटर खाली ठेवशील, मला माहिती आहे. तू बोललीस म्हणजे ठेवशील." त्या म्हणाल्या, "पण बाकीच्या दिवशी ह्यांना काही झालं तर? रविवारी सकाळी छातीत पाणी भरलं तर? असं होतं त्यांना. तेव्हा ॲम्ब्युलन्स आत येईल ना?"

रस्त्यावरचा हॉर्न वरपर्यंत ऐकू येत होता. सेक्रेटरीने सुनेकडे पाहिलं, नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. काकू उभ्याच होत्या. त्या दुरुत्तर करायला उभ्या नव्हत्या, उत्तर ऐकायला उभ्या होत्या.

"सांग ना गं," त्या म्हणाल्या. "येईल म्हणालीस तर मी बसते."

सुनेने कठड्यावरून खाली गेटकडे पाहिलं. तेवढ्या वेळात अध्यक्षांनी दोनदा घसा साफ केला.

"नाही सांगता येत, काकू," ती म्हणाली.

"मग?"

"मग नको."

सेक्रेटरी म्हणाला, "अगं, थांब, मतदान घेऊ, बहुमत तुझ्याकडे आहे."

"माहितीये मला. लिहा, अर्ज मागे घेतला."

ती बसली नाही, जिन्याकडे गेली. काकू तिच्या मागे गेल्या. जिन्यात दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सभेच्या इतिवृत्तात एवढंच आहे की अर्जदाराने अर्ज मागे घेतल्यामुळे विषय निकाली निघाला.

यंत्र परत घ्यायला विक्रेता तयार झाला. न्यायला कुठला दिवस ठरवायचा, हे तिने आधी काकूंना विचारलं. काकूंनी रविवार सांगितला. रविवारी टेम्पो आला. चालकाने विचारलं, गेटसमोर लावू का, सामान जड आहे. ती म्हणाली, नाही, पुढे लाव. टेम्पो केकच्या दुकानाच्याही पुढे जाऊन उभा राहिला, आणि दोन हमालांनी यंत्र तिथपर्यंत हातावर नेलं. एका बाजूला तिनेही हात लावला होता.